अण्णांचं रनिंग

अण्णांनी मला फसवलं. जुन्या मोटारसायकलींच्या खरेदी-विक्रीत माझं आयुष्य गेलं. रंग मारून आणलेली टाकी मी टिचकी मारून ओळखतो. मीटर मागं फिरवलेला असेल तर मीटरकडं नाही, विकणाऱ्याच्या तोंडाकडं बघून सांगतो. दलाल, लिलावातले बोलीवाले, बापाच्या चोरून गाडी विकायला आणणारी कॉलेजची पोरं, ह्यांतल्या कुणालाही मला फसवायला जमलं नाही. जमलं ते शेजारच्या अण्णांना. पाणी गाळून पिणाऱ्या, वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर पाऊल लांब टाकणाऱ्या अण्णांना. त्यांनी माझ्याशी सौदा केला, त्यावर हात दिला, माझी बाजू माझ्याकडून पाळून घेतली आणि स्वतःची पाळली नाही. वर मला पेढे चारले.

त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या गल्लीत त्यांना नाव नव्हतंच, सगळे अण्णा म्हणायचे. मूळचे कुरुंदवाडचे, जैन शेतकरी घरातले. तरुणपणी कोल्हापुरात येऊन त्यांनी भांड्यांचं दुकान टाकलं. मी ह्या गल्लीत घर घेतलं तेव्हा ते दुकान आवरत आणत होते. हात जोडायची त्यांची एक रीत होती. आपण छातीशी जोडतो, ते हनुवटीपर्यंत वर न्यायचे आणि मान किंचित तिरकी करायचे, जणू समोरच्याचं काही ऐकू यायचं राहून गेलंय. भाजीवालीलाही तसेच आणि आमदारालाही तसेच. तुमच्याही गल्लीत असं एक माणूस असेल. ह्याच्यावर चिडायचं कसं, असा प्रश्न पडावा असं. मी चिडायचो. तो माझा स्वभाव आहे.

पहिली भेट मला लख्ख आठवते. त्यांच्या घराशेजारच्या बोळात ताडपत्रीखाली एक गाडी उभी होती. जुनी टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारी. असल्या गाड्यांना आता हौशी गिऱ्हाइकं वाटेल ते मोल देतात. मी गडहिंग्लजच्या बाजूनं एका पिशवीनिशी एसटीनं आलो, गॅरेजात पार्ट धुतले, मग हा धंदा उभा केला. ताडपत्री मला दिसत नाही, तिच्याखालचं दिसतं. दुसऱ्याच दिवशी मी त्यांच्या दारात.

"गाडी विकतायसा काय?"

"न्हाय."

"कितीला न्हाय?"

"कशालाच न्हाय. बसा की मालक, च्या घ्या. घाई कुणाला हाय?"

'घाई कुणाला हाय' हे त्यांचं पेटंट वाक्य. त्यावर माझा सगळा घासाघिशीचा हुन्नर वाया जायचा. जो माणूस आकडाच काढत नाही त्याच्याशी घासाघीस करायची कशी? मी दर थोड्या दिवसांनी जायचो, ते चहा पाजायचे, गाडी ताडपत्रीखालीच. गाडीचं इंजिन जाम झालंय हे मला काकींकडून कळलं. काकी म्हणजे त्यांची बायको, बोलायला फटकळ.

"विका म्हणून मी सांगून थकली," काकी म्हणाल्या. "पर ती गाडी न्हाय, भांडण हाय ते. ताडपत्री घालून ठेवलंय."

भांडण धाकट्या भावाशी. भाऊ कुरुंदवाडला वडिलांची शेती बघायचा. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा पत्रिका वाटायला त्यानं अण्णांची गाडी नेली. अण्णांनी नुकताच तिला नवा पिस्टन बसवून घेतला होता. वाटेत गाडी एकदम आखडली ती आखडलीच. भावानं टेम्पोत घालून आणून दिली. अण्णा म्हणाले, "तेल न घालता पेट्रोल भरलंस." भाऊ म्हणाला, "घातलं हुतं." अण्णा म्हणाले, "एवढ्या तेलाची कंजुषी केलीस?" हे व्याह्यांसमोर, मांडवाची बोलणी चालली असताना. भाऊ उठून उभा राहिला आणि म्हणाला, "गाडी चालू हुईल त्या दिशी माझ्या दारात ये. तवर येऊ नगंस." लग्न अण्णांविना झालं. पुढं मुलीला मुलं झाली, ती शाळेत गेली, तरी अण्णा कुरुंदवाडला गेले नाहीत.

आता ह्या लोकांची एक रीत तुम्हाला माहीत असेल. भाद्रपदात त्यांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणी असते. त्या दिवशी घरोघर जाऊन, फोन करून, वर्षभरात कळत-नकळत दुखावलं असेल त्याची माफी मागायची. "उत्तम क्षमा," असं म्हणायचं. अण्णा त्या दिवशी माझ्याही दारात यायचे, हात हनुवटीपर्यंत. मी म्हणायचो, "अहो, तुम्ही मला काय केलंय?" ते म्हणायचे, "केलं आसंल की. मला कुठं सगळं ठाऊक असतंय?" गल्लीभर फिरायचे. कुरुंदवाडला मात्र फोनसुद्धा नाही.

एका वर्षी दुकान कायमचं बंद झालं आणि पुढच्याच आठवड्यात अण्णांनी ताडपत्री काढली. गाडी ढकलत घराच्या पुढच्या सोप्यात आणली. मला बोलावून घेतलं.

"मालक, ही चालू करायची."

"मग विकणार?"

"न्हाय. हिच्यावर बसून कुरुंदवाडला जायचं. भावाला सांगायचं, झालं गेलं, मी तुला क्षमा केली."

माझा ह्यात फायदा काहीच नव्हता. तरीही मी हो म्हणालो. का म्हणालो ते मला विचारू नका.

जाम इंजिन घरात मोकळं करायचं म्हणजे ताकदीचं काम नाही, वाट बघायचं काम आहे. प्लग काढायचा, त्या भोकातून डिझेल आणि तेल आत सोडायचं, मुरू द्यायचं. मग गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागं-पुढं ढकलत राहायचं, रोज थोडं. जोर केला तर आतलं मोडतं. मला हे ठाऊक आहे आणि तरी माझ्यानं राहवत नाही, मी लाथ घालतो. अण्णा वाट बघण्यात मुरलेले. रोज सकाळी बस्तीतून, म्हणजे त्यांच्या जैन मंदिरातून, दर्शन घेऊन आले की पांढऱ्या धोतरावरच गाडीला हात लावायचे, मागं-पुढं, मागं-पुढं, बाळाला झोपवल्यासारखं. आणि सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यानंतर कामाला हात नाही.

डिझेलसुद्धा गाळून घालायचे, पातळ फडक्यातून. मी म्हटलं, "अण्णा, डिझेलात कसला जीव असतोय?"

"नसंल. पर असला तर?"

"भांड्यांचं दुकान हुतं ह्यांचं," काकी आतून ओरडल्या, "आणि डिझेल गाळायला माझं पुरणाचं पातेलं घेतलंय!"

एका सकाळी मी सायलेन्सर खोलायला गेलो आणि अण्णांनी माझा हात धरला. सायलेन्सरच्या तोंडात कुंभारीण माशीनं मातीचं घर केलं होतं. आत अळ्या असणार. मी पान्याच्या टोकानं पाडणार, तर म्हणाले, "न्हाय."

"मग काय करायचं?"

"उडून जाऊ द्यात. त्यांचं आवरलं की आपलं."

मी तेव्हा काय काय बोललो ते इथं लिहिता येणार नाही. गिऱ्हाइकासाठी मी कधी थांबलो नाही, माशीसाठी थांबलो. अण्णा रोज वाकून बघायचे आणि मला सांगायचे, "अजून हाईत." मातीच्या घराला भोकं पडलेली दिसली त्या दिवशी त्यांनी मला घरातून हाक मारून बोलावलं, जणू नात्यातलं कुणी परदेशी गेलं.

उन्हाळ्यात एकदा ढकलता ढकलता आत काहीतरी सुटलं आणि चाकाबरोबर इंजिन थोडंसं फिरलं. आवाज काहीच नाही, हाताला मात्र कळतं. अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मग आम्ही वरचं सिलिंडर ओढून काढलं आणि पिस्टन उघड्यावर आला.

मी तो फिरवून बघितला आणि माझं डोकं सणकलं. पिस्टनच्या आरपार एक पिन असते. ती बाजूला सरकू नये म्हणून दोन्ही टोकांना तारेचं एकेक बारीक लॉक बसवतात. एका बाजूला लॉक होतं. दुसऱ्या बाजूची खाच कोरी होती. निसटून पडलं असतं तर त्याचा चेचलेला तुकडा आत कुठंतरी मिळाला असता, ओरखडे दिसले असते. तसं काही नव्हतं. ते बसवलंच नव्हतं. पिन हळूहळू बाहेर सरकली आणि सिलिंडरची भिंत खरवडत गेली. गाडी जाम झाली ती त्यानं. तेल होतं, नव्हतं, ह्याचा काही संबंध नव्हता.

"अण्णा, हा पिस्टन कुणी बसवलाता?"

त्यांनी सांगितलं. नाव मलाही ठाऊक होतं. त्याचं दुकान अजून चालू आहे, आता तर मोठं झालंय. मी पिस्टन हातात घेऊन उठलो. म्हटलं, आत्ता जातो आणि त्याच्या टेबलावर आपटतो, गिऱ्हाइकांदेखत.

अण्णा दारात आडवे उभे राहिले. त्यांना मी असं पहिल्यांदाच बघितलं. तोंडावर राग नव्हता, भीती होती.

"त्यानं काय मुद्दाम केलंय व्हय? इसारला आसंल."

"त्याच्या इसरण्यापायी तुम्ही भावाला तोडलंसा की!"

"तोडलं ते मी. त्यानं न्हाय." ते खाली बसले. बराच वेळ पिस्टन उलटसुलट करत राहिले. मग म्हणाले, "माझा भाऊ सारखा एकच सांगत हुता. मी तेल घातलं हुतं. एकच वाक्य."

तुम्हाला कळतंय ना काय झालं ते? इतके दिवस हा माणूस क्षमा करायला निघाला होता. आता मागायला जायचं होतं. गल्लीभर हात जोडत फिरणाऱ्याला एकच दार अवघड होतं आणि ते आणखी अवघड झालं.

मी माझ्या धंद्याच्या भाषेत बोललो. "सौदा करू. मी त्या दुकानाची पायरी चढत न्हाय. पर तुम्ही कुरुंदवाडला जायचं. भावाला तोंडानं सांगायचं, तुझा दोष न्हवता. जमतंय?"

माझे वडील जनावरांच्या बाजारात दलाली करायचे. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हात घालून बोटं दाबायची, कबूल असेल तर हात घट्ट धरायचा. हे मी अण्णांना कधीतरी गमतीनं सांगितलं होतं. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, आमच्या दोघांच्या हातांवर टाकलं आणि खाली माझा हात धरला. हात गार होता. इतका घट्ट धरला की मला वाटलं, हा सौदा पक्का.

पुढचं काम मी भरभर केलं. शिरोली एमआयडीसीत ओळखीच्या माणसाकडून सिलिंडर आतून घासून आणलं, पिस्टन शोधला. दोन्ही लॉकं अण्णांनी स्वतः बसवली आणि मला बोट लावून बघायला लावलं, पुन्हा पुन्हा. एका सकाळी किक मारली. निळा धूर सोप्यात मावेना. काकींनी गच्चीवर सांडगे घातले होते, त्या वरून शंख करू लागल्या. गल्ली गोळा झाली. मी ओरडलो, "अण्णा, रेस करा की!" त्यांनी गाडी बंद केली.

"बास," म्हणाले. "ऐकलं."

नवा पिस्टन बसवला की पहिले काही शे किलोमीटर गाडी हळू चालवावी लागते, पार्ट एकमेकांना सरावले पाहिजेत. त्याला आम्ही रनिंग म्हणतो. अण्णांचं रनिंग सुरू झालं. रंकाळ्याला एक चक्कर, शिरोली नाक्यापर्यंत जाऊन परत. मी विचारायचो, "कधी निघताय?"

"रनिंग हाय अजून."

मग ब्रेक बघायचा राहिला. मग आरसा. मग आषाढात नदीला पाणी आलं, ते खरं कारण होतं, पण पाणी उतरल्यावरही कारण उतरलं नाही. मी भडकलो, "अण्णा, एवढ्या रनिंगात मी ही गाडी काशीला नेऊन आणली असती." ते हात जोडायचे. ते जोडले की माझं तोंड बंद.

तो पाऊसकाळ गेला, पुढचा आला. मी सौदा पाळत होतो. त्या दुकानावरून माझा रोजचा रस्ता, रोज मान सरळ ठेवून जात होतो. माझ्यासारख्याला हे किती जड गेलं ते मला ओळखणाऱ्यांना विचारा.

गेल्या क्षमावाणीला सकाळीच गाडीचा आवाज गेला. दुपार कलल्यावर आला. अण्णा माझ्या दारात, हातात वाडीच्या पेढ्यांचा पुडा. नृसिंहवाडी आणि कुरुंदवाड, मध्ये फक्त पंचगंगेवरचा पूल. मी पुडा बघितला आणि उठून उभा राहिलो.

"जाऊन आलासा?"

"आलो."

"काय म्हणला भाऊ?"

"काय म्हणणार? बस म्हणला. आमटी-भात झाला."

"लॉकचं सांगिटलं?"

"सांगिटलं."

"मग?"

"हसला." आणि हात हनुवटीपर्यंत. "उत्तम क्षमा, मालक."

मी पेढा खाल्ला. दुसरा घेतला. मीटर फिरवलेली गाडी ओळखणारा मी, त्यांच्या तोंडाकडं बघायला विसरलो. बघितलं असतं तरी काय, जो माणूस कधी खोटं बोलत नाही त्याचं खोटं ओळखायची सवय कुणाला असते?

ह्या थंडीत एका सकाळी अण्णा बस्तीतून आले, दारातल्या पायरीवर चप्पल काढायला बसले आणि उठलेच नाहीत. काकींनी हाक मारली तेव्हा एक चप्पल पायातच होती.

रक्षाविसर्जनाला कुरुंदवाडहून भाऊ आला. मी त्याला कधी बघितलं नव्हतं, तरी लगेच ओळखलं. तेच कपाळ, तीच तिरकी मान. लोक पांगल्यावर तो सोप्यात गाडीपाशी उभा राहिला, टाकीवर हात ठेवून.

"तुम्ही शेजारचं न्हवं, पावणं?"

"व्हय."

"चालू हाय न्हवं ही?"

"पहिल्या किकला."

"ठावं हाय. ऐकलीया मी."

"क्षमावाणीला आलते तवा," मी म्हणालो. "बरं झालं बघा, तुमची गाठ तरी पडली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. "कुणाची गाठ?"

मग तो सांगत गेला. त्याचं घर नदीच्या अंगाला, पुलापासून हाकेवर. त्या दिवशी तो अंगणात बसला होता. पाण्यावरून आवाज लांबून येतो. "ह्या गाडीचा आवाज मी झोपंत वळखीन. पोरीच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्यात हिच्यावर. बायकूला म्हटलं, च्या ठेव, अण्णा आला. गाडी पुलावर आली. मधीच थांबली. बंद केली त्यानं. लई वेळ काय आवाजच न्हाय. मग किक मारल्याली ऐकली. म्हटलं, आला. दारापर्यंत गेलो. तर आवाज बारीक बारीक हुत गेला, वाडीकडं."

"तुम्ही का न्हाय पुढं झालासा?" माझा आवाज चढला. मेलेल्याच्या घरात चढू नये, पण चढला.

"मीच म्हटलं हुतं की, गाडी चालू हुईल तवा ये. म्हटलं, चालू झाल्याली ऐकवून गेला. राग काय गेल्याला न्हाय. असू दे."

आता मी काय करायला पाहिजे होतं? दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. मला ते येत नाही. मी सांगून टाकलं. लॉक, खाच, पिन, सगळं. तुमचा काडीचा दोष नव्हता, आणि अण्णांना ते ठाऊक होतं.

"कवापास्नं?"

"त्याच्या आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यापास्नं."

तो खाली बसला. म्हणाला, "मी तेल घातलं हुतं." कुणाला म्हणाला कोण जाणे. मग मान वर करून मला विचारलं, "ठावं असूनबी पुलावरनं परत गेला? का, वो?"

काकींनी गाडी घेऊन जायला सांगितलं. त्यानं नेली नाही. तो गेल्यावर मी घरी आलो, जुना पिस्टन शोधून काढला आणि खिशात घातला. सौदा मोडला होता, मी मोकळा झालो होतो. त्या दुकानापर्यंत गेलो. समोर उभा राहिलो. आत गेलो नाही. तो माणूस एक लॉक बसवायला विसरला. पुलावरून त्यानं कुणाला माघारी पाठवलं नव्हतं.

भाऊ अधूनमधून फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, उसाचं, पाण्याचं. मग विचारतो, "पावणं, तुमच्या काय ध्यानात आलं का?" काय ध्यानात यायचं ते तो सांगत नाही, मी विचारत नाही. म्हाताऱ्याला वाटतं, मी शेजारी राहत होतो, मला कळत असेल.

अण्णा, मला नाही कळत. गाडी चालू होती. पूल मोकळा होता. पलीकडं चुलीवर चहा चढला होता आणि एक माणूस दारापर्यंत आला होता. उपरण्याखाली हात तुम्ही दिलात, मी नाही मागितला. त्या पुलावर गाडी बंद करून तुम्ही इतका वेळ काय करत होता? आणि पुन्हा किक मारल्यावर हँडल कुरुंदवाडकडं का नाही ठेवलंत? ह्याचं उत्तर मी त्या म्हाताऱ्याला द्यायचं नाही. तुम्ही द्यायचं.